आठ बोटं

आमच्या कॉलेजात एके काळी सहा पाटीलमॅडम होत्या. मराठीच्या एक, भूगोलाच्या दोन, बाकी इकडच्या तिकडच्या. मुलांना सहाही जणींना वेगळं ओळखायचं असायचं, म्हणून त्यांनी सगळ्यांना नावं ठेवली होती. प्राणिशास्त्राच्या कुसुम पाटील यांना ती ‘कलेजीमॅडम’ म्हणत. मॅडमना हे माहीत होतं. त्या माळकरी घरातल्या, अंडंसुद्धा न शिवणाऱ्या. पण नावाबद्दल कधी तक्रार केली नाही. एकदा मला म्हणाल्या, निदान मुलांना मी कशावर काम करते ते तरी कळलंय, स्टाफरूमला अजून कळलेलं नाही.

मी तिथला ग्रंथपाल. सगळे आप्पा म्हणायचे. माझं ग्रंथालय आणि त्यांची प्रयोगशाळा यांच्यामध्ये एकच भिंत, आणि त्या भिंतीत वर एक झरोका. जनरेटरची किल्ली माझ्या टेबलाच्या खणात असायची. एवढ्याच कारणानं आमची ओळख झाली आणि पुढे बावीस वर्षं टिकली.

त्या काय करतात हे मला त्यांनी पहिल्याच आठवड्यात समजावलं होतं. यकृत हा असा अवयव आहे की कापला तरी पुन्हा वाढतो. नेहमीच्या पेशी दमल्या, नासल्या, की मागे राखून ठेवलेल्या काही लहान पेशी पुढे येतात. त्या अजून काहीच झालेल्या नसतात. यकृताची कामकरी पेशी व्हायचं की पित्ताच्या नळीची, ते त्यांचं ठरलेलं नसतं. मॅडम पुण्याला पीएचडीसाठी गेल्या तेव्हा त्यांनी उंदराच्या यकृतातून अशा पेशी वेगळ्या काढल्या. अकरा वेळा मेल्या, बाराव्या वेळी जगल्या. तेच वाण त्या घेऊन आल्या, ओळखीच्या जीपमधून, गोठवलेल्या पेशींचा डबा दोन्ही पायांत धरून. या पेशी बाहेर वाढवायच्या, आजारी यकृतात सोडायच्या आणि यकृत पुन्हा उभं राहतं का ते बघायचं, असा पुढचा सगळा विचार. त्यातला वाढवायचा भाग त्या आमच्या नंदुरबारात करत होत्या, एका टेबलावर, एका उबदार पेटीत आणि एका सूक्ष्मदर्शकावर.

“यांना गर्दी होऊ द्यायची नाही,” त्या सांगायच्या. बशी भरत आली की पेशी काहीतरी होऊन बसतात, मग त्यांचा उपयोग संपतो. म्हणून भरायच्या आत त्यांना सोडवून नव्या मोकळ्या बशीत न्यायचं. आणि दर तिसऱ्या दिवशी त्यांचं पाणी बदलायचं. पाणी म्हणजे गुलाबी रंगाचं पोषकद्रव. पेशी जिवंत असल्या, खातपीत असल्या, की ते हळूहळू पिवळं पडतं. मॅडम सकाळी कुलूप काढून आधी रंग बघायच्या, मग चपला काढायच्या.

दर तिसरा दिवस म्हणजे काय, हे ज्याला गुरंढोरं आहेत त्यालाच कळेल. दिवाळीच्या सुट्टीत सगळं कॉलेज ओस पडायचं आणि निंबाखाली त्यांची एकटी स्कूटर उभी असायची. रविवार नाही, लग्नकार्य नाही. डबा त्या मागच्या पायरीवर बसून एकट्याच खायच्या, कारण स्टाफरूममध्ये कुणाच्या डब्यात ढोकळा असतो, कुणाच्या इडली, आणि आंबलेल्या पदार्थातलं यीस्ट हातावरून पेशींपर्यंत जातं असा त्यांचा धाक. गजरा नाही, पावडर नाही. पावाला तर त्या विंचवासारख्या घाबरायच्या. लोक म्हणायचे बाई विक्षिप्त आहे. मीही म्हटलंय, खोटं कशाला बोलू. त्यांच्या लग्नाचं दोनदा ठरता ठरता राहिलं होतं. ते ऐकून मी एकदा चेष्टेत म्हणालो, मॅडम, तुमचंही तुमच्या पेशींसारखंच, अजून काही ठरलेलं नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला. माणसाला बशीत घालू नका आप्पा, म्हणाल्या, आणि आठवडाभर माझ्याकडे किल्ली मागायला शिपायाला पाठवलं.

त्यांची एक गंमत होती. प्रयोगशाळेच्या उंबऱ्याच्या आत त्या पुस्तकी मराठी बोलायच्या आणि चपला पायात सरकवल्या की अहिराणी. आत “आप्पा, विजेचं काय झालं?” आणि बाहेर “आप्पा, लाईट कव्हय येई?” मी विचारलं तर म्हणाल्या, आत चूक झालेली चालत नाही, म्हणून तिथं जपून बोलते. मला हे कारण पटलं नव्हतं. अजूनही पूर्ण पटत नाही.

आमच्या कॉलेजच्या पश्चिमेला मिरची वाळत घालायच्या पथाऱ्या. दिवाळीनंतर सगळं रान लाल होतं, वारा सुटला की अख्खा स्टाफ शिंकत शिकवतो. त्याच दिवसांत मॅडमच्या बशांत बुरशी यायची. लागोपाठ तीन वर्षं आली. त्यांनी निदान करून टाकलं, मिरचीच्या धुळीतून येते. मग माझ्या ग्रंथालयाच्या पश्चिमेच्या खिडक्या बंद करायला लावल्या, ओले पडदे लावले, आणि एक दिवस थेट पथारीवाल्या शेठकडे जाऊन भांडून आल्या. तुमच्या मिरचीनं माझ्या पेशी मरतात, म्हणाल्या. शेठ बिचारा माल सोडून यांच्याकडे बघत राहिला.

चौथ्या वर्षी त्यांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी बुरशी पकडायच्या उघड्या बशा ठिकठिकाणी ठेवल्या. पथारीच्या कडेला, गच्चीवर, व्हरांड्यात, आणि एक माझ्या टेबलावर. पाच दिवसांनी बशा मांडून मला बोलावलं. पथारीकडच्या बशीत दोन-चार ठिपके. माझ्या टेबलावरच्या बशीत अख्खं हिरवं कुरण. बुरशी माझ्या जुन्या पुस्तकांतून, झरोक्यातून त्यांच्याकडे जात होती. पश्चिमेच्या खिडक्या बंद केल्यानं ती आणखीच तिकडे वळली होती. मी शरमलो आणि रागावलोही, कारण ती पुस्तकं मी पोटच्या पोरांसारखी जपली होती. मॅडम मात्र खूश. त्यांनी झरोका गवंड्याकडून बुजवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी उन्हात चालत शेठकडे गेल्या, माझी चूक झाली हे सांगायला. शेठनं पिशवीभर मिरची दिली. ती त्यांनी माझ्या टेबलावर आणून ठेवली, म्हणाल्या, दंड खरा तुमच्याकडून घ्यायचा, पण राहू द्या.

चूक कबूल करायला समोरच्याच्या दारात जायचं, हा त्यांचा नेम होता. आणि दुसरा नेम बोटांचा.

पेशींचं मूळ वाण त्या लहान कुप्यांत गोठवून ठेवायच्या, द्रवरूप नायट्रोजनच्या डब्यात. पुण्या-मुंबईत तो नळातून मिळावा तसा मिळत असेल. आमच्याकडे तो मिळायचा वसावेभाऊंकडून. वसावेभाऊ पशुधनवाले. गाईम्हशींना कृत्रिम रेतन करायला वळूंचं वीर्य ज्या डब्यात ठेवतात तसलाच हा डबा, आणि त्यांच्यासाठी नायट्रोजनची गाडी यायची तीच दर पंधरवड्याला मॅडमचाही डबा भरून जायची. वसावेभाऊ अक्कलकुव्याकडचे, हसरे. काय मॅडम, उंदरं कशी आहेत, असं विचारत यायचे. डब्यात नायट्रोजन किती उरला ते बघायला मॅडमनी एक लाकडी पट्टी केली होती. पट्टी तळापर्यंत बुडवायची, बाहेर काढून हवेत हलवायची, की जिथवर नायट्रोजन तिथवर पांढरं दव धरतं. ते बोटांनी मोजायचं. आठ बोटं म्हणजे निश्चिंत. चारच्या खाली गेलं तर दोन दिवसांत काहीतरी करायलाच हवं. एकदा वाण विरघळलं की पुन्हा गोठवून उपयोग नाही.

त्या नसताना हे मोजायचं काम माझ्याकडे असायचं. पहिल्यांदा मी मोजून येऊन सांगितलं, सात आहे. त्या म्हणाल्या, तोंडी आकडा नको, बोटं दाखवा. मी बोटं दाखवली. तशी नाही, पट्टीवर ठेवली होती तशी आडवी, एकाला एक लावून. माणूस आकडा विसरतो, तोंडाला येईल ते बोलतो, हाताला आठवतं, असं त्यांचं म्हणणं. त्यानंतर मी कायम आडवी बोटं धरून दाखवत आलो, व्हरांड्यातून, लांबून, कधी मोबाइलवर फोटो काढून. मुलांना वाटायचं आमची काही सांकेतिक भाषा आहे.

मी त्यांना कितीदा म्हणालो असेन, सगळं वाण एका डब्यात ठेवू नका, दोन कुप्या वसावेभाऊंच्या डब्यात टाका, दोन पुण्याला द्या. त्यावर उत्तर ठरलेलं. वसावेंकडे चिठ्ठी बदलली तर म्हशीला उंदीर व्हायचा. आणि पुण्याला देण्याआधी अजून एकदा तपासून बघते. हे अजून एकदा कधी संपलं नाही. त्या देण्यात कंजूष होत्या असं मी म्हणणार नाही. त्यांना भीती वाटायची की दुसरीकडे पेशी नीट वागल्या नाहीत, तर आपण बावीस वर्षं जे केलं ते काहीच नव्हतं असं ठरेल. हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, माझा आपला अंदाज.

त्यांची आई कोरीटला भावाकडे राहायची. घर सधन, केळी-कापसाचं. कोरीट म्हणजे काही काशी नव्हे, स्कूटरवर जाऊन यावं इतकं जवळ. पण मॅडम सकाळी जायच्या आणि संध्याकाळी परत. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, खानदेशातली प्रत्येक लेक माहेरी चार दिवस राहते, झोके खेळते, आंब्याचा रस खाते. मॅडम रस खाऊन परत यायच्या, कारण उन्हाळ्यात वीज जाते आणि पेटी तापते. वडील गेले तेव्हाही त्या तिसऱ्याच दिवशी प्रयोगशाळेत आल्या होत्या. त्यावरून गावात बरंच बोललं गेलं.

एकदा ही म्हातारी स्वतःच कॉलेजात आली. नातवाच्या मोटरसायकलवर बसून, डोक्यावर पदर. लेक एवढं कुणासाठी करते ते बघायचं होतं. मॅडमनी त्यांचे हातपाय धुवायला लावले, स्टुलावर बसवलं, सूक्ष्मदर्शक डोळ्याला लावून दिला. मी दाराशी उभा होतो. म्हातारी बराच वेळ बघत राहिली.

“ह्या काय बनतीन?” तिनं विचारलं.

“आजून ठरेल नही, माय.” मॅडमना उंबऱ्याच्या आत अहिराणी बोलताना मी तेव्हाच पहिल्यांदा ऐकलं.

“मंग त्यास्नी माय तूच शेस.” म्हातारीनं डोळा काढला आणि लेकीकडे पाहिलं. आवाज अजिबात चढवला नाही. “कुसुम, बापनी येळले तू तीन दिन बठनी. मन्ही येळले तरी धा दिन घरमा बठजो.”

मॅडमनी आईच्या पायात चपला सरकवून दिल्या.

त्यानंतर वर्षभरातच म्हातारी आजारी पडली. त्याच सुमाराला एका मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेनं मॅडमच्या पेशी मागितल्या होत्या, आजारी यकृताच्या उंदरांत सोडून बघण्यासाठी. आठ महिने पत्रं चालू होती. शेवटी मॅडम तयार झाल्या. महिनाअखेरीला माणूस येऊन कुप्या घेऊन जाणार होता. मी पेढे मागितले, त्या म्हणाल्या, आधी पेशींना काम करू द्या. मग कोरीटहून फोन आला. मॅडमनी सगळ्या बशा रिकाम्या केल्या, होतं नव्हतं ते वाण गोठवून डब्यात ठेवलं, पट्टी माझ्या हातात दिली आणि गेल्या. चार दिवसांनी म्हातारी गेली.

ती गेल्याच्या तिसऱ्या दिवशी मी पट्टी बुडवली तर पाच बोटं. डबा जुना झाला होता, नायट्रोजन भराभर उडत होता. वसावेभाऊंना फोन लावला, ते वर धडगावकडे लसीकरणाला, फोन लागेना. कार्यालयात कळलं की गाडी गुरुवारी येईल. पाचव्या दिवशी सकाळी मोजलं, तीन. त्या दिवशी मला कोरीटला बसायला जायचंच होतं.

काय करायचं ते अगदी सरळ होतं. मॅडमना सांगायचं. त्या तासाभरात येऊन कुप्या बाहेर काढून, पेशी बशीत लावून, वाण वाचवू शकल्या असत्या. दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. पण सुतकाच्या घरातून दहावा व्हायच्या आत लेकीला उठवून न्यायचं, उंदराच्या पेशींसाठी? आणि म्हातारीचं ते वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलेलं. रस्ताभर मी मनाशी म्हणत होतो, गुरुवार परवावर आलाय, तोवर निभेल.

ओसरीत सतरंजीवर बायका बसलेल्या, मॅडम भिंतीला टेकून. केस मोकळे, चष्मा नाही. मी पुरुषांच्या बाजूला बसलो. कुणी काही बोलत नव्हतं, अशा ठिकाणी बोलायचं नसतंच. थोड्या वेळानं मी उठलो. येतो असं म्हणायचं नसतं, म्हणून नुसते हात जोडले. तेव्हा त्यांनी मान वर केली.

“आप्पा, कितला बोटं?”

सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. माझे हात जोडलेलेच होते.

“आठ,” मी म्हणालो.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. चष्मा नव्हता, त्यामुळे नीट दिसत असेल नसेल. मग त्यांनी मान हलवली आणि पुन्हा भिंतीला टेकल्या.

गुरुवारी गाडी आली नाही. सातव्या दिवशी पट्टी कोरडी निघाली. मी ती दोनदा बुडवली, तिसऱ्यांदा बुडवली, मग तशीच हातात धरून खुर्चीवर बसून राहिलो. नवव्या दिवशी वसावेभाऊ डोंगरातून उतरले, माझे फोन बघून तडक आले आणि आपल्या डब्यातला नायट्रोजन ओतून गेले. मी पट्टी घातली. बरोबर आठ बोटं. माझं खोटं खरं झालं होतं, आणि इतका मूर्ख माणूस मी, की मला थोडं बरंही वाटलं.

मॅडम आल्या त्या तेराव्यानंतरच. आल्या आल्या पट्टी घातली, आठ बोटं बघितली. एकामागून एक कुप्या काढल्या, कोमट पाण्यात विरघळवल्या, बशांत लावल्या, पेटीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दारात उभा होतो. बशांतलं पाणी गुलाबी. तिसऱ्या दिवशीही तसंच, स्वच्छ, सुंदर गुलाबी. चौथ्या दिवशी त्यांनी पेटीचं बटण बंद केलं. बावीस वर्षांत ती पेटी कुणी बंद केलेली मी पाहिली नव्हती. तिचा घुमण्याचा आवाज भिंतीतून ग्रंथालयात यायचा, तो आवाज होता हेसुद्धा मला तेव्हाच कळलं.

चूक कबूल करायला दारात जायचं हे मी त्यांच्याकडूनच शिकलो होतो. गेलो. तीन होती, आठ नव्हती, हे सांगितलं. बोलताना माझी बोटं आपोआप आडवी झाली, तीन, एकाला एक लावून.

त्या बशा धूत होत्या. नळ बंद करून त्यांनी हात पुसले.

“मला माहीत होतं आप्पा. तुम्ही बोटं दाखवली नव्हती.”

मग उठला का नाहीत, एवढंच विचारलं.

“दाखवली असती तर उठावं लागलं असतं,” त्या म्हणाल्या.

त्या पुन्हा बशा धुवायला लागल्या. मी तिथं उभा राहून रडलो, साठीला आलेला माणूस. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, ते बरं केलं.

मोठ्या शहरातल्या प्रयोगशाळेला त्यांनी दोन ओळींचं पत्र पाठवलं. पाठवायला काही उरलेलं नाही, चूक माझी. माझं नाव त्यात नव्हतं. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. नवं वाण काढायला ते पुरणारं नव्हतं, आणि तसा प्रयत्नही त्यांनी केला नाही. त्या नियमित तास घेत, डबा मात्र मागच्या पायरीवरच खात. मी एकदा म्हणालो, आता स्टाफरूममध्ये बसायला हरकत नाही. त्या म्हणाल्या, आता तिथं काय बोलायचं ते येत नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी निवृत्त झालो. त्यानंतर भेट झाली ती एकदाच, आखाजीच्या आदल्या दिवशी, नंदुरबारच्या स्टँडवर. उन्हाचा कहर. मी म्हसावदला भाचीकडे निघालो होतो. समोरच्या गाडीत खिडकीशी मॅडम, मांडीवर पिशवी, पिशवीत मातीची नवी घागर, गेलेल्या माणसाच्या नावानं भरतात ती. कोरीटला चालल्या होत्या. स्कूटर विकली, म्हणाल्या. गाडी सुरू झाली, इंजिनाचा आवाज वाढला. मी खिडकीखालून ओरडून विचारलं, परत कधी?

त्यांना ऐकू गेलं नसावं, पण कळलं. त्यांनी खिडकीच्या उभ्या गजावर हात ठेवला आणि बोटं दाखवली, आडवी, एकाला एक लावून. चार.

गाडी वळून गेली. आखाजीला चार दिवस त्या पहिल्यांदाच माहेरी राहणार होत्या, आणि वाट बघणारी तिथं आता नव्हती.